ताट आणि ताटकळणे

परमुलखात गेलेल्या मनुष्यास तेथील इमारती दुरून पाहता येतात, तेथील इतिहास पुस्तकांतून वाचता येतो आणि तेथील भाषा न समजता नुसती कानांवरून जाऊ देता येते. परंतु भोजनाच्या प्रसंगी त्याला असे तटस्थ राहता येत नाही, कारण समोर आलेला घास एक तर घशाखाली उतरतो किंवा उतरत नाही, आणि या दोहोंपैकी काहीही घडले तरी लहानपणापासून अंगी मुरलेल्या शेकडो समजुती जाग्या होऊन साक्षीला उभ्या राहतात. इस्तंबूल शहरी सुलेमानिये मशिदीसमोर उपाहारगृहांची जी एक जुनी ओळ आहे, तेथे पांढऱ्या राजम्याच्या उसळीवर बसून एके दुपारी जो वाद झाला, त्याची हकिकत म्हणूनच नमूद करून ठेवण्यासारखी वाटते.

वादी माझे स्नेही. महसूल खात्यात कारकुनापासून चढत चढत त्यांनी सबंध हयात काढली; तालुक्याची कचेरी त्यांना मामा म्हणे आणि मीही म्हणतो. प्रतिवादी म्हणजे त्यांना मामा म्हणण्याचा ज्या एका व्यक्तीला जन्मसिद्ध हक्क आहे ती त्यांची भाची. उस्मानी दफ्तरखान्यातील सोळाव्या शतकाचे हिशेब वाचण्यासाठी ती इस्तंबुलात राहते, आणि आम्ही तिच्याच आग्रहाने तेथे गेलो होतो. मामा कडकडीत शाकाहारी आहेत. मी रत्नागिरीकडचा, त्यामुळे मासळीच्या बाबतीत माझी साक्ष पक्षपाती समजावी.

वादाचे बीज आदल्या रात्री बेयोलू भागातील एका मेहानेत, म्हणजे मद्य आणि लहान लहान बशांतील चाखण्याचे पदार्थ यांवर चालणाऱ्या खाणावळीत, पडले होते.

मामा : कालच्या प्रकाराला तू जेवण म्हणतेस, हीच माझी मूळ फिर्याद आहे. दिवेलागणीला आपण बसलो. आरंभी पांढऱ्या चीजचा तुकडा आणि खरबुजाची फोड. बरे, ती खाल्ली. मग एक पोऱ्या लहान लहान बशांनी भरलेली भली मोठी परात घेऊन आला. आपण बोट दाखवायचे आणि त्याने ती बशी मेजावर उतरवायची. तेही मान्य. त्यानंतर पुढचा जिन्नस येईपर्यंत मी घड्याळ पाहिले, भिंतीवरची केमाल पाशांची तसबीर निरखली आणि पुन्हा घड्याळ पाहिले. कचेरीत अर्जदाराला आज सही, उद्या शिक्का आणि परवा बारनिशी असे खेळवीत ठेवले म्हणजे अर्जात काय मागितले होते याचाच त्याला विसर पडतो. तशी, तुम्हा दोघांचा मासा येईपर्यंत, मला भूक होती की नव्हती हेच मला आठवेना.

भाची : मामा, तुम्ही ज्याला खोळंबा म्हणता तोच त्या मेजावरचा मुख्य पदार्थ आहे. मेहानेत कोणी पोट भरण्याच्या उद्देशाने जात नाही. राकी घोटाघोटाने घ्यायची, ती रिकाम्या पोटी बाधू नये म्हणून मेझे, म्हणजे त्या लहान बशांतले जिन्नस, खायचे, आणि मेझे लवकर संपू नयेत म्हणून बोलत राहायचे. आधी थंड बशा, मग मधले गरम पदार्थ, मग मासळी, मग फळे. या पायऱ्यांत मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते. ती जागा भरण्याचे काम खाणाऱ्यांचे. तुम्ही घड्याळ पाहिलेत, म्हणजे तुमच्या वाट्याचे काम तुम्ही केले नाहीत.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. राकीत पाणी पडताच ती दुधासारखी पांढरी होते, कारण तिच्यातील बडीशेपेच्या जातीचे सुगंधी तेल मद्यात विरघळते पण पाण्यात विरघळत नाही; तुर्की लोक तिला कौतुकाने सिंहाचे दूध म्हणतात. मामांनी शेजारच्या मेजावर ते पांढरे पेले पाहून, या देशात जेवताना मठ्ठा पिण्याची चाल आहे असा समाधानाचा शेरा मारला होता. शेरा अगदीच निराधार नव्हता, कारण मीठ घातलेले ताक, आयरान, येथे खरोखरच जेवणाबरोबर पितात आणि त्या दुपारी आमच्यासमोरही तेच होते; परंतु मामांच्या मनात त्या रात्रीपासून मेहानेविषयी जो संशय बसला तो निघाला नाही.

मामा : आता आपले पान घे. वर मीठ आणि लिंबाची फोड; डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे; उजवीकडे भाजी आणि उसळ; मध्यभागी भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. बसल्या क्षणी सर्व दफ्तर माझ्यापुढे उघडे. कोणत्या घासाला चटणी लावायची, कोशिंबीर आधी संपवायची की ताकभातापर्यंत राखायची, हा सर्वस्वी माझ्या अखत्यारातील प्रश्न. वाढणारा यजमान असेल, पण पानाचा भोगवटादार मी. तुझ्या तुर्काने तो अखत्यार माझ्याकडून काढून घेऊन मुदपाकखान्याकडे दिला, आणि मला नुसते ताटकळत ठेवले.

भाची : अखत्यार? साधा भात संपल्याखेरीज पंगतीत मसालेभात मागून पाहा बरे! तीन भातांचा क्रम तुम्ही ठरवलेला नाही. सर्वांची पाने वाढून होईतो हात लावायचा नाही, आणि शेजारच्याचे आटोपेपर्यंत उठायचे नाही, हेही तुम्ही ठरवलेले नाही. तुमची सत्ता चालते ती डाव्या बाजूच्या चमचाभर चटणीवर. आणि बोलणे? वाढपी धावताहेत, भात संपला, पोळी आली, आग्रह, नको नको, आणखी आग्रह. शेजारी बसलेल्या मनुष्याचे नाव न विचारता उठता येते.

मामा : श्लोक म्हणत.

भाची : म्हणत. खाणे थांबवून ऐकावे लागे. म्हणजे तिथेही ताटकळणे आलेच. आणि मामा, शेजारी कोणाला बसू द्यायचे हे जन्मावरून ठरलेले असल्यावर त्याचे नाव विचारायचे कारणच काय? पान सगळे एकदम दाखवते खरे, पण ते पान कोणाला मांडायचे आणि कोणाला अंगणात, हा हिशेब आधीच झालेला असे. 

हा वार मर्मी लागला. मामा काही वेळ राजमा खात राहिले. पंक्तिप्रपंचाचे त्यांनी कधी समर्थन केलेले नाही, उलट नोकरीत असताना त्यापायी दोन यजमानांशी वैर पत्करल्याचे मला ठाऊक आहे. परंतु आपल्या आवडीच्या वस्तूचा दोष दुसऱ्याने दाखवला म्हणजे तो ठाऊक असूनही बोचतो.

मामा : ते कबूल. पंगतीने जे केले नाही ते मुंबईत इराण्याच्या संगमरवरी मेजाने केले. पैसा टाकला की कोणीही कोणाच्या शेजारी. पण तुझे तुर्क तरी पूर्वीपासून एका पंक्तीला बसत होते काय? हिशेब तू वाचतेस. दाखला दे.

भाची : दाखला समोर आहे. ही मशीद 1557 साली पुरी झाली. सिनान या मिमाराने, म्हणजे वास्तुशिल्पकाराने, ती बांधताना एकटी बांधली नाही. मदरसे, रुग्णालय, हमाम आणि इमारेत, म्हणजे वक्फाच्या उत्पन्नावर चालणारे अन्नछत्र, असा सगळा परिसर उभा केला. आपण बसलो आहोत येथून ते हाकेच्या अंतरावर आहे. असल्या छत्रांत सकाळी तांदळाची पेज, सायंकाळी गव्हाची. शुक्रवारच्या आदल्या रात्री आणि रमझानात मांस घातलेला भात आणि जेर्दे नावाचा केशरी गोड भात. सुलतान सुलेमानाची राणी हुर्रेम हिने जेरुसलेमात काढलेल्या छत्राच्या वक्फनाम्यात तर कोणाला किती पळ्या आणि किती भाकऱ्या इथपर्यंत लिहिलेले आहे. आणि मामा, तुम्हाला आनंद होईल म्हणून सांगते, तिथेही क्रम होता. छत्राचे नोकर आधी, मग उतरलेले पाहुणे, आणि गोरगरीब शेवटी.

मामा (खरोखरच आनंदून) : म्हणजे जाबता होता! सवाई माधवरावांच्या लग्नात कोणी कोठे बसावे आणि वाढप कसे व्हावे याचा बंदोबस्त नाना फडणिसांनी कागदावर आणला होता, त्याच जातीचा. पळ्यांचा हिशेब ठेवणारे राज्य काही काळ तरी टिकते.

भाची : टिकले, पण त्याला पळ्यांनीच धाकातही ठेवले. यानिसरी फौजेच्या सरदाराचा हुद्दा सूप करणाऱ्याचा असे, पलटणीचा हंडा हेच तिचे निशाण, आणि सुलतानाने दिलेले सूप सैनिकांनी मुकाट्याने प्याले की समजावे, राज्य निर्वेध आहे. हंडा उपडा केला म्हणजे बंड. अखेरीस दुसऱ्या महमुदाने 1826 साली ती फौजच मोडून टाकली.

मामा : उपडा हंडा! तक्रारअर्जाचा यापेक्षा मोजका मसुदा मी पाहिला नाही.

एवढे झाल्यावर वाद मिटायला हरकत नव्हती, पण मामांना आपल्या पक्षाचा पुरावा परक्या मुलखातच सापडला होता आणि तो रुजू केल्यावाचून ते उठणारे नव्हते. बोस्फरस ओलांडून उस्कुदारला आम्ही ज्या लोकांतात जेवलो होतो, 1933 पासून चालत आलेले आणि मद्याला थारा न देणारे ते कनाअत, त्याची त्यांनी साक्ष काढली. लोकांताची रीत मेहानेहून अगदी निराळी. पहाटेपासून स्वयंपाक होतो. दुपारच्या आत वीस-पंचवीस जातींचे रस्से, भाज्या, भात, भरली वांगी, ढोबळ्या मिरच्या हे सर्व गरम पाण्यावर ठेवलेल्या पात्रांतून आणि काचेच्या कपाटांतून मांडले जाते. गिऱ्हाईक आत येतो तो आधी मेजाकडे न जाता त्या मांडणीसमोर उभा राहतो, आचाऱ्याला, म्हणजे उस्तादाला, बोटाने दाखवतो, आणि पाहता पाहता जेवू लागतो. बाजारातले कारागीर, गुमास्ते, हमाल यांच्यासाठी ही व्यवस्था जन्मली. दुपार उलटली की चांगले पदार्थ संपतात. उरलेले खपवण्याची खटपट नाही, संपल्याची दिलगिरीही नाही.

मामा : तेथे मला पान दिसले. सबंध मुदपाकखाना डोळ्यांपुढे मांडलेला, झाकणाखाली काय आहे याचा तर्क करायला नको, आणि छापील यादीवरच्या नावांवर विश्वास टाकायला नको. शिवाय अर्धी वाढ मागता येते, दीड मागता येते. पाव मागितली असती तर तीही त्या उस्तादाने दिली असती, असा सज्जन मनुष्य. रोटी तर मोजतच नाहीत. टोपली रिकामी झाली की भरली. असे असता तू मला रात्री मेहानेत का नेतेस?

भाची : कारण लोकांतात तुम्ही काचेपुढे उभे राहता तेवढा वेळच सगळे तुमच्यासमोर असते. मेजावर येते ते दोन बशांत, आणि त्या बशा तुमच्या एकट्याच्या. मेहानेतल्या बशा मध्यभागी असतात, कोणाच्याच नसतात. एकाच फावाच्या, म्हणजे वाटलेल्या बाकल्याच्या, वडीत चौघांचे काटे, एकाच दह्यात चौघांची रोटी. तुम्हाला खरा त्रास ताटकळण्याचा झाला नाही मामा, उष्ट्याचा झाला.

मामा : झाला. मी नाकारीत नाही.

त्या उत्तरातील सरळपणाने भाचीची पंचाईत झाली. मला मात्र तेथे मामांची बाजू घ्यावीशी वाटली. उष्टे-खरकटे ही कल्पना पंक्तिभेदाच्या सोवळ्यातून वाढली हे खरे, तरी तिच्यात दुसऱ्याच्या अन्नाची मर्यादा राखण्याचाही एक अंश आहे. आणि एका बशीत चौघांनी हात घालण्यात मोकळेपणा असला तरी, त्या बशीतला शेवटचा घास कोणी घ्यायचा या प्रश्नावर मी तुर्की मेजावरही चार सुशिक्षित माणसांना एकमेकांकडे पाहत बसलेले पाहिले आहे.

विषय मग शिळ्याकडे वळला, आणि मामांची खरी कसोटी तेथे लागली. तुर्की स्वयंपाकात ऑलिव्हच्या तेलात शिजवलेल्या भाज्यांचे एक स्वतंत्र घराणे आहे. फरसबी, आर्टिचोक, गाजर-कांदा, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला मनुका आणि चिलगोजे घातलेला भात, आणि या सर्वांचा मुकुटमणी असे कांदा-लसूण-टोमॅटोने भरलेले वांगे, ज्याच्या आस्वादाने एक इमाम मूर्च्छित पडला अशी आख्यायिका सांगतात. या भाज्यांत चिमूटभर साखर पडते, त्या मंद आचेवर शिजतात, आणि मग कित्येक तास, कधी रात्रभर, तशाच निवू देतात. गरम वाढणे हा दोष मानला जातो. शाकाहारी मनुष्यास तुर्कस्तानात सुखाने राहता येते ते मुख्यतः यांच्या आधारावर.

मामा : रुचीबद्दल माझी तक्रार नाही, वांगे उत्तमच होते. पण कालचे होते.

भाची : कालचे होते म्हणूनच उत्तम होते. तेल भाजीत मुरायला वेळ लागतो. लोणचे तुम्ही गेल्या वर्षीचे खाता.

मामा : लोणच्याला मीठ आणि मोहरीची सनद आहे.

भाची : याला तेलाची आहे. लोणी-चरबीत शिजवलेले निवले की थिजते, तोंडाला बिलगते. म्हणून मांसाचे पदार्थ गरमच वाढतात. हे तेल थिजत नाही. शास्त्र इतकेच आहे.

मामा : शास्त्र ठीक आहे. पण घरात बाई पहाटे उठून चूल पेटवते आणि ऊन-ऊन वाढते, यात ती आपल्याला काही सांगत असते. निवलेले वाढणारा काय सांगतो?

भाची : की तो काल रात्रीपासून तुमची वाट पाहत होता.

यावर मामांना उत्तर सुचले नाही असे म्हणवत नाही. त्यांनी खिशातून लसणीच्या चटणीची डबी काढली आणि राजम्यावर चिमूटभर पेरली, हेच त्यांचे उत्तर असावे. कढईमागे उभ्या असलेल्या उस्तादाने ते पाहिले, येऊन डबीत बोट बुडवले, चाखले, डोळे विस्फारले आणि ताटलीभर लोणच्याची हिरवी मिरची आणून मामांपुढे आव्हानादाखल ठेवली. वास्तविक त्या मेजावरचा कोणताही तिखट किंवा तांबडा अंश कोणाच्याच बापजाद्यांचा नव्हता. राजमा, मिरची, टोमॅटो तिन्ही अमेरिकेतून आलेली. टोमॅटो तर उस्मानी स्वयंपाकात इतका उशिरा स्थिरावला की ज्या राजांनी येथील प्रचंड मुदपाकखाने बांधले त्यांच्या ताटाला आजचा तुर्की तांबडा रस्सा ठाऊक नव्हता. तोपकापी राजवाड्यातील स्वयंपाकघरांची धुराड्यांची रांग समुद्रावरून दिसते. 1574 च्या आगीनंतर ती सिनाननेच पुन्हा उभारली. त्या धुराड्यांखाली दालचिनी, केशर, मनुका, डाळिंब, मध आणि सिरका यांचे राज्य होते. आपल्या पेशव्यांच्या पंगतीतही मिरची तशी नवखीच पाहुणी.

मासळीविषयी थोडे बोलण्याची मुभा मी घेतो, कारण वादी त्या बाबतीत अनधिकारी होते आणि प्रतिवादीचे ज्ञान पुस्तकी होते. काळ्या समुद्रातून मार्माऱ्याकडे उतरणारे मासे शरदात बोस्फरसच्या अरुंद धारेत सापडतात, आणि त्यांत इस्तंबूलकरांचा जीव अडकलेला असतो तो ल्युफेरवर. हा एकच मासा लांबीप्रमाणे नाव बदलतो. बोटाएवढा असता तमालपत्र, मग चिनेकोप, मग सारिकानात, मग ल्युफेर आणि हाताएवढा झाला म्हणजे कोफाना. एका माशाला वयोमानानुसार पाच हुद्दे देणाऱ्या शहराशी माझे जमणारच. तो निखाऱ्यावर भाजून नुसत्या मिठा-लिंबाने, तांबड्या कांद्याबरोबर आणि एका किंचित कडवट पालेभाजीबरोबर देतात. हळद नाही, कोकम नाही, ओले खोबरे नाही. पहिल्या घासाला मला हे मसाल्याचे दारिद्र्य वाटले. पुढे ध्यानात आले की ज्या माशाला स्वतःचे तेल आहे त्याला आपण रत्नागिरीत उगीच दुसऱ्याच्या तेलात बुडवतो. माझ्या घरी हे मत मी अजून बोलून दाखवलेले नाही.

बिल चुकते करण्याच्या वेळी एक उपकथानक घडले. उस्तादाने तीन पेले चहा पाठवला, लहान, कमरेला निमुळत्या काचेच्या पेल्यांत, आणि त्याचे पैसे बिलात नव्हते. मामांनी बिल परत पाठवले. भाचीने समजावले की ही रीत आहे, तो घरचा चहा. मामांनी विचारले की मग तो कोणत्या शीर्षकाखाली खर्ची पडतो. आणि कोणत्याच नाही असे कळल्यावर, अशा हिशेबाने दुकान चालते याचा अचंबा करीत, आणि मला वाटते मनातून फार संतोष पावून, उठले.

उतारावरून आम्ही बाजाराच्या गल्ल्यांतून एमिनोन्यूकडे निघालो. मिसर बाजाराच्या दारावर, जिना चढून गेल्यावर, निळ्या चिनी मातीच्या फरशांच्या खोल्यांत पांदेली नावाचे उपाहारगृह आहे. भाचीने तेथे थांबून, आत न जाता, जे सांगितले त्याने संभाषणाचा सूर पालटला.

भाची : कालच्या ज्या बशांचा तुम्हाला कंटाळा आला, त्या कोणाच्या होत्या ते ऐका. शिजवून वाटलेल्या चण्यांत कांदा आणि बेदाणे भरलेला गोळा आर्मेनियन लोकांच्या उपवासाचा. खारवलेला मासा ग्रीक आणि ज्यू घरांतला. अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी सर्काशियन. तळलेली कलेजी आल्बेनियनांची. मद्य मुसलमानास निषिद्ध, म्हणून मेहाने चालवणारे पिढ्यान् पिढ्या ग्रीक आणि आर्मेनियन. हे वरचे दुकानही एका ग्रीकाने काढलेले. 1955 च्या सप्टेंबरात एका रात्री जमावाने ग्रीकांची दुकाने, घरे, चर्च फोडली, त्यांत त्याचे जुने दुकान उद्ध्वस्त झाले. मग तो येथे आला. पुष्कळ जण आलेच नाहीत. देश सोडून गेले.

मामा : दंगल एका रात्रीत होते, पण तिची जमीन आधी नांगरलेली असते. त्यापूर्वी काय झाले होते?

भाची : 1942 चा संपत्तिकर. नोव्हेंबरात कायदा झाला. आकारणी स्थानिक समित्यांनी करायची; मुसलमानास एक दर, बिगरमुसलमानास त्याच्या कितीतरी पट. पंधरा दिवसांत भरणा. अपील नाही. न भरणाऱ्याच्या मालाचा लिलाव, आणि तेवढ्याने भागले नाही तर पूर्वेकडे अश्कालेच्या छावणीत बर्फ उपसायला आणि खडी फोडायला. 1944 साली कर रद्द झाला, तोवर दुकानांचे मालक बदलले होते.

मामा उभे राहिले. इतका वेळ लाडिक तक्रारखोरपणात रमलेला मनुष्य एकाएकी आपल्या कचेरीच्या खुर्चीत जाऊन बसल्यासारखा दिसला.

मामा : आकारणीला अपील नसेल तर ती आकारणी नव्हे. मी मुलखात दुष्काळी सालात वसुली केली आहे. कठोरपणे केली, त्याबद्दल लोक मला दुवा देत नाहीत. पण हुकमाखाली अपिलाची मुदत लिहिलेली नसेल तर त्या कागदावर सही करणारा अधिकारी नव्हे, दरोड्याचा कारकून. आणि असे असता त्या बशा आजही त्याच क्रमाने येतात?

भाची : त्याच क्रमाने येतात. वाढणारे बदलले.

मामा : मग तो क्रम त्या बिचाऱ्यांचा आहे. काल मी घड्याळ पाहायला नको होते.

भाची : आज रात्री पुन्हा जाऊ या?

मामा : छे. कोणाच्या क्रमाचा मान राखणे वेगळे आणि त्याच्याखाली दोन प्रहर बसणे वेगळे. मी लोकांतातच जेवणार.

पुढे बंदराजवळ एका मुहल्लेबीच्या, म्हणजे दुधाच्या मिष्टान्नांच्या दुकानात आम्ही शिरलो. काचेत मांडलेल्या पांढऱ्याशुभ्र वड्या पाहून मामांची मुद्रा उजळली. दूध, तांदूळ, साखर, यांत आक्षेपार्ह ते काय असणार! त्यांनी एका गुळगुळीत, चिवट दिसणाऱ्या वडीकडे बोट केले. भाचीने ते बोट हलकेच बाजूला सारले.

भाची : मामा, ती तावुक ग्योसू. दुधात कोंबडीच्या छातीचे मांस आहे. धाग्यासारखे पिंजून, पुन्हा पुन्हा धुऊन, इतके एकजीव केलेले की जिभेला कळत नाही, नाकालाही कळत नाही. म्हणूनच या दुकानात कोंबडीचे सूप आणि कोंबडीचा भातही मिळतो. उरलेला पक्षी कोठेतरी खपायला हवा. राजवाड्यातील आचाऱ्यांचे कौशल्य म्हणतात ते हेच, की वस्तू असावी आणि कळू नये. त्याच वडीचा तळ करपवून उलटी केली की कझान्दिबी.

मामा : पाहा, हा तुझ्या माझ्या वादाचा निकाल. माझ्या पानावर लिंबू लिंबाच्या जागी बसते आणि चटणी चटणीच्या. कोणी कोणाच्या नावावर जमीन लावून घेत नाही. येथे कोंबडीने खिरीच्या नावावर सातबारा करून घेतला आहे.

भाची : आणि पुरणपोळीत डाळ कळते?

मामा : डाळ शाकाहारी आहे. (थोडे थांबून) पण मुद्दा तुझा बरोबर आहे. कळत नाही.

त्यांनी मग स्युतलाच मागवली, तांदळाची खीर, भट्टीत घालून वरून तपकिरी डाग पाडलेली, आणि भाचीने हटकून ती कोंबडीची वडी मागवली. मी दोन्ही चाखल्या. वडी रबरासारखी ओढली जाते आणि फार गोड नसते. तिचे वैभव जिभेला न कळता केवळ बुद्धीला कळणारे आहे, आणि असल्या वैभवावर माझे मन फारसे बसत नाही.

मामा : चहा सांग. खिरीबरोबरच आणू दे.

भाची : मामा, चहा शेवटी घेतात.

मामा : शेवट कोणता ते मी ठरवीन. दोन्ही एकदम आणायला सांग.

तिने तुर्कीत काहीतरी सांगितले. पोऱ्याने खीर आणली, आणि चहा आणला तो चांगल्या पाव तासाने.